स्मरणार्थ, चोवीस जोड्या

मराठी मंडळाच्या वरच्या खोलीत त्या रविवारी पुढील गोष्टी होत्या: पंखे दोन, बाकं सात, फळा एक, भिंतीवरचं घड्याळ एक (बंद), पाण्याचं स्टीलचं पिंप एक, पुस्तकांचं लोखंडी कपाट एक आणि विद्यार्थी चार. विद्यार्थी वगळता प्रत्येक वस्तूवर कोणाचं ना कोणाचं नाव होतं. पिंपावर एका आजोबांचं, कपाटावर एका काकूंचं. पंख्याच्या तीन पात्यांवर मिळून एका थोर वकिलांचं नाव आणि पुढे ‘यांच्या स्मरणार्थ’ असं रंगवलेलं होतं. पंखा सुरू केला की वकीलसाहेब दिसेनासे होत. म्हणून त्यांच्या घरचं कोणी आलं, तर ते जाईपर्यंत पंखा बंद ठेवायची पद्धत होती. रायपुरात, मे महिन्यातसुद्धा.

ही मोजदाद अस्मिता टेंभेकर करत होती, कारण मंडळाचे सचिव नाना भुसारी यांनी तिच्याकडे खोलीतल्या सामानाची यादी मागितली होती. अस्मिता चोवीस वर्षांची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. आठवड्याचे पाच दिवस ती नवा रायपुरातल्या एका संस्थेत पाण्याचे नमुने तपासायची आणि रविवारी दहा ते बारा या खोलीत मुलांना मराठी शिकवायची. कोणी सामानाची यादी मागितली म्हणजे सामान हलणार, हे ओळखायला एम.एस्सी. लागत नाही.

“हे पाय अस्मिता,” नाना म्हणाले, “मले तुझ्या वर्गाशी काही वैर नाही. पण खालच्या हॉलात लग्नं लागून राहिली. त्या कढया, ते पातेले मी कुठं ठेवू? माझ्या डोक्यावर?”

नाना सिंचन खात्यातून निवृत्त झाले होते. फाइल मात्र अजून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी काखेतली फाइल उघडून ठराव वाचून दाखवला. जानेवारीचे पहिले तीन रविवार, सलग, वर्गात किमान बारा विद्यार्थी हजर राहिले तर खोली वर्गाकडे. एका जरी रविवारी बाराच्या खाली गेले तर खोली कढयांकडे. मोजणी सचिव स्वतः करतील, बरोबर अकरा वाजता.

“नोव्हेंबर चालू आहे नाना. चाराचे बारा कसे करू मी?”

“ते ठरावात नाही,” नाना म्हणाले.

अस्मिताला ही खोली का हवी होती, हे तिनं कोणाला सांगितलं नसतं. खोली गेली असती तर रायपूर शहरात मराठीत बोलायला तिच्याकडे फक्त आई उरली असती, आणि आई मराठीत बहुतेक वेळा रागावत असे.

घरी येऊन तिनं मागच्या चौदा रविवारांची हजेरी काढली. सहा रविवारी सरासरी चार मुलं होती, आठ रविवारी सव्वादोन. त्या सहा दिवसांत समान काय होतं? हवा नव्हे, क्रिकेटचे सामने नव्हे, शाळेच्या परीक्षा नव्हे. त्या सहा रविवारी तिनं शब्दांच्या जोड्या शिकवल्या होत्या: सारखे ऐकू येणारे, लोक हमखास गोंधळतात असे शब्द. पाणि आणि पाणी. “दीदी, दोनों सेम हैं ना?” असं एका मुलीनं विचारलं होतं, आणि अस्मितानं सांगितलं होतं की पाणि म्हणजे हात. पाणी आलं ‘पानीय’ म्हणजे ‘पिण्याजोगं’ यावरून. दोघांचा काही संबंध नाही, आपण ओंजळीनं प्यालो तरी. उलट अपेक्षा आणि उपेक्षा यांचं कधी पटत नाही, पण दोघी एकाच ‘ईक्ष्’ म्हणजे ‘पाहणे’ या धातूच्या पोटच्या. एक डोळे लावून बसते, दुसरी समोर असूनही पाहत नाही. जे सारखे दिसतात ते परके निघतात आणि ज्यांचं भांडण आहे ते सख्खे निघतात, हे मुलांना आपापल्या घरावरून लगेच पटलं होतं.

नमुना लहान होता, हे अस्मिताला मान्य होतं. तरी तिनं योजना आखली. खालच्या हॉलच्या भिंतीवर एक मोठा फलक लावायचा. त्यावर चोवीस जोड्या, अर्थासकट, आणि जागा उरेल तिथं उगमासकट. हळदीकुंकवाला, लग्नाला आलेली माणसं जेवणाच्या रांगेत उभी असतानाच वाचतील, घरी बोलतील, मुलांना पाठवतील.

“भिंतीवर नियम चौदा लागतो,” नाना म्हणाले. “मंडळाच्या भिंतीवर नावाशिवाय खिळासुद्धा लागत नाही. देणारा पाहिजे, आन् ज्याच्या स्मरणार्थ द्यायचं तो पाहिजे.”

“शब्द कोणाच्या स्मरणार्थ देणार नाना?”

“ते नियमात नाही.”

ही अडचण समोरच्या घरातल्या मंदाकिनीकाकू पिंपळापुरे यांनी सोडवली. काकू रोज संध्याकाळी टेंभेकरांच्या ओट्यावर मेथी निवडायला येत. मेथी त्यांची, ओटा टेंभेकरांचा, विषय कोणाचाही.

“काहून इतका इचार करून राहिली वं?” काकू म्हणाल्या. “आपल्या तात्यापारा मोहल्ल्यातली माणसं जिवंत पोराले वर्गात धाडणार नाहीत. पण मेलेल्या बापाचं नाव भितीवर लागत असन, तर लाईन लावतीन. चोवीस जोड्या आहेत ना? चोवीस घरं पकड. एका घराले एक जोडी. माझ्या घरची पहिली लिही. यांच्या नावानं.”

अस्मिताला यात तर्कदृष्ट्या खोट दिसेना. तिनं यादी फिरवली. नऊ दिवसांत चोवीस नावं आली आणि वर पाच प्रतीक्षेत राहिली. पंडरी बाजारातल्या कापडाच्या दुकानाचे मालक प्रफुल्ल गोतमारे यांनी वडिलांचं, कै. बाबारावांचं नाव फोनवरूनच दिलं. बँकेतल्या चेतनाताई आगलावे यांनी रेल्वेत गार्ड असलेल्या सासऱ्यांचं नाव दिलं, मधल्या आद्याक्षरासकट. नानांनीही, नियम आधी दोनदा वाचून, आईचं नाव घातलं: कै. शांताबाई भुसारी.

आता कोणती जोडी कोणाला, हा प्रश्न उरला. अस्मिताची आई कुमुद म्हणाली, “एकेकाले विचारून दे. माणसं आहेत ती, तुझ्या परीक्षानळ्या नाहीत.”

“विचारलं तर पहिल्या घराला निवड मिळेल आणि शेवटच्याला उरलेलं. तो पक्षपात झाला, आई.”

“मग तू ठरव.”

“तो तर आणखी मोठा पक्षपात.”

म्हणून अस्मितानं संगणकाकडून यादृच्छिक क्रमांक काढले आणि जोड्या वाटल्या. योगायोगावर कोणी रागावत नाही, असा तिचा समज होता. रेणूंच्या बाबतीत तो बरोबर आहे.

फलक रंगवायचं काम मनहरण पेंटरकडे गेलं. मनहरण हा छत्तीसगढी माणूस, तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवत आलेला. त्यानं आठ फूट बाय चार फुटांची प्लायवूडची फळी पांढरी केली, यादी हातात घेतली आणि ब्रश खाली ठेवला.

“मतलब जाने बिना नइ लिखंव, दीदी.”

“आपको बस उतारना है, भैया.”

“हव. फेर मतलब जाने बिना नइ लिखंव.”

एका दुकानदारानं म्हणे पूर्वी त्याच्याकडून काहीतरी भलतंच रंगवून घेतलं होतं आणि मार मनहरणनं खाल्ला होता. तेव्हापासून अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही हा त्याचा नियम, आणि तो नियम चौदापेक्षा कडक होता. त्यामुळे पुढचे अकरा दिवस अस्मिता नवा रायपूरच्या बसमधून जाता-येता त्याला एकेका शब्दाचा अर्थ फोनवर बोलून पाठवत राहिली. शब्द अठ्ठेचाळीस, सरासरी वेळ एक मिनिट दहा सेकंद. त्या रुंद, मोकळ्या रस्त्यावरून धावणाऱ्या बसमध्ये सहासात प्रवासी असत. त्या सर्वांना महिनाअखेरपर्यंत प्रसाद आणि प्रासाद यांतला फरक कळलेला होता, त्यांची इच्छा असो वा नसो.

मनहरणचं उत्तर प्रत्येक वेळी एकच येई: “हव,” म्हणजे हो. फक्त शेवटच्या दिवशी त्यानं थोडं जास्त लिहिलं. मुलांना समजायला सोपं जावं म्हणून प्रत्येक जोडीच्या बाजूला त्यानं छोटंसं चित्र काढलं होतं, आपल्या मनानं, वेगळी मजुरी न घेता. अस्मिता त्या वेळी तलावाच्या पाण्यातला क्षार मोजत होती. चांगली कल्पना आहे, असं तिला वाटलं. तिनंही “हव” लिहून पाठवलं.

डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी अनावरण झालं. चोवीस घरांतली मिळून नव्वदच्या आसपास माणसं आली. बायका पैठण्यांत, पुरुष इस्त्रीच्या सदऱ्यांत. सासुरवाशिणी माहेरच्या जोडीसाठी भिलाईहून आल्या होत्या. नानांनी दोरी ओढली. पडदा अर्ध्यात अडकला, मग मनहरणनं स्टुलावर चढून तो सोडवला.

सगळे आधी आपलं नाव शोधत होते, त्यामुळे शांतता पसरली. ती अस्मितानं मनातल्या मनात मोजली. तेरा सेकंद.

“हे काय आहे?” प्रफुल्ल गोतमारे म्हणाले.

त्यांच्या वडिलांच्या वाट्याला ‘वसन–व्यसन’ आली होती. वसन म्हणजे वस्त्र, ‘वस्’ म्हणजे ‘नेसणे’ यावरून. इथवर कापडवाल्याच्या घराला ती शोभून दिसत होती. मनहरणनं तिथं घडी घातलेला सदरा काढला होता. व्यसनाच्या बाजूला त्यानं बाटली काढली होती, बुचासकट. आणि त्या दोहोंखाली ठळक अक्षरांत: कै. बाबाराव गोतमारे यांच्या स्मरणार्थ.

“आमच्या बाबूजीनं उभ्या जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही,” प्रफुल्लभाऊ म्हणाले. “आन् तुम्ही हॉलात बाटली टांगून राहिले? लग्नाची माणसं काय म्हणतीन?”

“भाऊ, तो फक्त शब्दाचा अर्थ आहे,” अस्मिता म्हणाली. “वाटप यादृच्छिक झालं.”

“काय झालं?”

“म्हणजे योगायोगानं.”

“मग आमची अर्धीच जोडी ठेवा. सदऱ्याची. बाटली दुसऱ्या कोणाले द्या.”

तेवढ्यात चेतनाताई पुढे आल्या. त्यांच्या सासऱ्यांना ‘अवलंब–विलंब’ मिळाली होती. अवलंबाशेजारी काठी टेकून उभा असलेला म्हातारा होता. विलंबाशेजारी रेल्वेगाडी होती आणि फलाटावर घड्याळ पाहणारी माणसं.

“मामंजींच्या झेंड्याशिवाय गाडी सुटत नव्हती रायपूर जंक्शनवरून,” चेतनाताई म्हणाल्या. त्या शांत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. “छत्तीस वर्षांत एक मिनिट लेट नाही. एक मिनिट, अस्मिता.”

नाना फलकाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहत उभे होते. तिथं त्यांच्या आईच्या नावावर ‘चिता–चिंता’ होती. चिता हा शब्द ‘चि’ म्हणजे ‘रचणे’ यावरून आणि चिंता ‘चिंत्’ म्हणजे ‘विचार करणे’ यावरून. मनहरणनं सगळ्यात जास्त मेहनत या चित्रावर घेतली होती. लाकडं एकावर एक नीट रचलेली, आणि ज्वाळांना तीन वेगवेगळे रंग.

संपूर्ण हॉलमध्ये एकच व्यक्ती समाधानी होती. मंदाकिनीकाकूंनी चष्मा पुसून यजमानांच्या नावावरची जोडी वाचली. ‘आसक्त–अशक्त’. पहिला शब्द चिकटून राहणारा, दुसरा शक्ती नसलेला.

“बरोबर आहे,” काकू म्हणाल्या. “दोन्ही होते. आधी हे, मंग ते.”

दुसऱ्या दिवसापासून मंडळाच्या कार्यालयात जोडी बदलून मागणारे अर्ज येऊ लागले. नानांनी प्रत्येकाला आवक क्रमांक दिला. पाच दिवसांत सतरा अर्ज झाले. अस्मिताची आई बाजारात गेली की माणसं तिला थांबवून विचारत, “मुलगी बरी आहे ना?” अस्मितानं आयुष्यात कधी कोणाचा अपमान केला नव्हता, आणि आता एकाच दुपारी तिनं सतरा घरांच्या पूर्वजांचा केला होता. तोही पूर्ण निःपक्षपातीपणे. बसमधले सहासात प्रवासी तेवढे तिच्याशी पूर्वीसारखं बोलत होते.

सर्वांत अवघड अर्ज नानांचा होता, कारण तो सचिवांकडे द्यायचा होता आणि सचिव नाना होते. त्यांनी तो रीतसर लिहिला, स्वतःच्या टेबलापुढे उभं राहून दिला, मग खुर्चीत बसून स्वीकारला आणि आवक क्रमांक नऊ दिला.

नानांनी उपसमिती नेमली. उपसमिती म्हणजे नाना अध्यक्ष आणि अस्मिता तांत्रिक सदस्य. अर्ज कमी व्हावेत म्हणून अस्मितानं एक अट सुचवली. प्रयोगशाळेत कोणी निकालावर शंका घेतली तर त्याला आधी पद्धत वाचावी लागते. तसं इथंही करावं. ज्याला जोडी बदलून हवी असेल त्यानं दोन्ही शब्दांचे सर्व अर्थ आणि उगम, कोशातून स्वतः उतरवून, अर्जाला जोडावेत. इतकी मेहनत कोण घेणार, असा तिचा हिशेब होता.

नानांना अट फार आवडली. त्यांनी त्याच अटीखाली आवक क्रमांक नऊ फेटाळला. ‘अर्जदाराने पुरावा जोडलेला नाही. नाना भुसारी, अध्यक्ष.’ प्रत अर्जदाराला पाठवली. पोच अर्जदारानं दिली.

उरलेल्या सोळा जणांनी कोश कुठं आहे ते विचारलं. जाडा व्युत्पत्तिकोश आणि संस्कृत–मराठी कोश अख्ख्या मंडळात एकाच ठिकाणी होते: वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. कपाट उघडायचं ते फक्त वर्गाच्या वेळी. नाना म्हणाले की आपला अर्जही पुराव्यासह पुन्हा दाखल करता येतो, आणि त्याला जुनाच क्रमांक राहील. म्हणजे परत सतरा.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी दहा वाजता अस्मितानं कुलूप काढलं, तेव्हा जिन्यावर रांग होती. प्रफुल्लभाऊ होते आणि त्यांची आठवीतली मुलगी निवेदिता होती. चेतनाताई होत्या आणि त्यांचा अकरा वर्षांचा सार्थक होता. मागे आणखी आजोबा, आणखी नातवंडं. मुलं आणण्याचं कारण सरळ होतं. कोशाचा टाइप इतका बारीक होता की चाळिशीपुढच्या माणसाला तो दिसत नव्हता. मुलांना दिसत होता, पण कळत नव्हता. मोठ्यांना ऐकलं की कळत होतं. त्यामुळे एका कोशाला एकाचे डोळे आणि दुसऱ्याचे कान, अशी दोघांची गरज पडली.

“पप्पा, इसमें लिखा है आपत्ति,” निवेदिता बोट फिरवत म्हणाली. “मतलब ऑब्जेक्शन, ना? जो हम करने आए हैं?”

“नाही वं पोट्टे. ते हिंदीत. मराठीत आपत्ती म्हंजे मुसीबत.”

“तो व्यसन मतलब मुसीबत?”

“असं लिहिलं आहे का?”

“संकट, आपत्ति, नाश. उसके बाद लत.”

प्रफुल्लभाऊंनी कोश स्वतःकडे ओढला, काही दिसलं नाही म्हणून परत मुलीकडे सरकवला. अस्मितानं बाजूला येऊन सांगितलं की मूळ धातू ‘अस्’ म्हणजे ‘फेकणे’. व्यसन म्हणजे फेकलं जाणं, वाटेवरून उधळलं जाणं. संस्कृतात आधी संकटाला व्यसन म्हणत, दारूही त्यातच मोडे.

“दुकान टाकलं त्याच वर्षी जळालं होतं बाबूजीचं,” प्रफुल्लभाऊ म्हणाले. “तीन ताग्यांचं कापड वाचलं. ते हातठेल्यावर टाकून पंडरीत फिरले.” ते निवेदिताला सांगत होते, पण खोलीतल्या बाकीच्यांचंही उतरवून घेणं थांबलं होतं.

“आपने कभी बताया नहीं, पप्पा.”

“तू कधी विचारलं?”

अकरा वाजता नानांनी मोजलं. सोळा विद्यार्थी, फक्त मुलं धरून. बारा वाजता नानांनी आणखी एक गोष्ट मोजली. सहा अर्ज मागे घेतले गेले होते. उतरवलेली पानं मात्र त्यांनी फाइलीत लावून ठेवली. प्रफुल्लभाऊंची एकच अट होती, बाटलीच्या जागी हातठेला काढावा. मनहरणनं तो सोमवारीच काढला, चाकांच्या आऱ्यांसकट, अर्थ विचारून.

दुसऱ्या रविवारी अकरा अर्ज उरले होते. चेतनाताईंना कळलं की अवलंब आणि विलंब दोन्ही ‘लंब्’ म्हणजे ‘लोंबणे, लटकणे’ यावरून आले आहेत. त्यांनी सार्थककडून ती ओळ दोनदा वाचून घेतली. “लटकणं?” त्या म्हणाल्या. “ब्रेकव्हॅनच्या दारात बाहेर लटकूनच तर नोकरी झाली त्यांची. घरी जेवायला बसले तरी एक हात मागं धरलेला असायचा, जसा काही दांडा आहे तिथं.” नानाही बाराच्या सुमारास कोशाजवळ आले आणि कोणी पाहत नाही असं पाहून ‘चि’ धातू काढला. रचणे, एकावर एक ठेवणे. “आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या अशा रचायची,” ते म्हणाले, “का खालची काढली तरी वरची हालत नव्हती.” मग त्यांनी आवक क्रमांक नऊवर ‘अर्जदाराने अर्ज मागे घेतला’ असा शेरा मारला आणि अर्जदाराला कळवलं.

त्या दिवशी हजेरी बारा भरली. नेमकी. आणि आठ अर्ज मागे गेले.

अस्मिताला आनंद व्हायला हवा होता. तिनं त्याऐवजी कागद घेतला. पहिल्या रविवारी सतरा अर्ज होते, आणि चार नेहमीची मुलं सोडता बारा नवीन. दुसऱ्या रविवारी अकरा अर्ज, आठ नवीन. म्हणजे दर अर्जामागे पाऊण मुलाहून थोडंसं कमी. आता अर्ज उरले तीन. तिसऱ्या रविवारची अपेक्षित हजेरी सहा पूर्णांक दोन दशांश.

“म्हणजे माणसं खूश झाली, म्हणून खोली चालली,” ती ओट्यावर म्हणाली.

मंदाकिनीकाकूंनी मेथीची मुळं तोडली. “मंग दोघाचौघांना आणखीन नाराज कर. एकदोन जोड्या इकडच्या तिकडं लाव.”

“ती बेइमानी होईल, काकू.”

“हो ना. तू काही नको करू. तू शिकलेली आहेस.”

अस्मितानं खरोखर काही केलं नाही. आठवडाभर तिनं नमुने तपासले, बसनं गेली, बसनं आली. शनिवारी आई न सांगता चहा घेऊन तिच्या खोलीत आली आणि मराठीत, न रागावता, म्हणाली, “कढया ठेवल्या तर ठेवू दे. वर्ग आपल्या ओट्यावर घे.” यावरून परिस्थिती किती वाईट आहे ते अस्मिताला समजलं.

तिसऱ्या रविवारी दहा वाजता चार मुलं आली. सव्वादहाला दोन अर्जदार, दोन मुलांसह. साडेदहाला तोच आकडा. सहा. हिशेब इतका जुळला की अस्मिताला क्षणभर, केवळ पद्धतीच्या दृष्टीनं, बरं वाटलं. नाना खालून वर येऊन दारात उभे राहिले. त्यांनी फाइल उघडली नाही. घड्याळ बंद होतं म्हणून मनगटावरचं पाहत राहिले.

“अर्धा तास आहे अजून,” ते म्हणाले. हे त्यांनी स्वतःहून, कुठलाही नियम न सांगता, वर्गाच्या बाजूनं म्हटलेलं पहिलंच वाक्य होतं.

दहा चाळीसला जिन्यावर आवाज आला. पुढे मंदाकिनीकाकू होत्या, मागे बायका, पुरुष आणि पोरंच पोरं. अर्ज सतरा घरांनी केले होते. ज्या सात घरांनी केले नव्हते, ती ही सात घरं.

“नाना, हा काय अन्याय आहे?” मागचे एक आजोबा जिना चढल्यानं धापा टाकत म्हणाले. “गोतमाऱ्यांच्या बाबूजीची फाइलीत चार पानं झाली. गार्डसाहेबांची तीन. आम्ही भांडलो नाही, तर आमच्या दादांची एकच ओळ?”

“तुम्हाला कोणी सांगितलं पानांचं?” नानांनी विचारलं.

“मी,” काकू म्हणाल्या. “खोटं आहे का?”

नानांनी फाइल उघडून पानं मोजली. खोटं नव्हतं.

“आमच्या जोडीचा उगमही कोणी सांगितला नाही,” दुसरी बाई म्हणाली. “परिमाण आणि परिणाम. फलकावर नुसतं ‘माप’ आन् ‘निकाल’ लिहून मोकळे झाले. माझ्या सासूबाईंचं इतकंच होतं का?”

“कोश कुठं आहे?” आजोबांनी विचारलं. “ए पोट्टेहो, इकडे या. डोळे लागतात.”

काकूंनी स्वतःची दुर्गहून आलेली तीन नातवंडं पुढे ढकलली. “यांच्या आजोबांचं काढा. आसक्त. ते तुमचं ‘चिकटणे’ म्हणता ना, ते पूर्ण लिहा. मले काही लपवायचं नाही.”

बाकं पुरेनात. कोश जमिनीवर मांडले गेले आणि भोवती मुलं पालथी पडली. अस्मिता एकीला सांगत होती की परिमाण ‘मा’ म्हणजे ‘मोजणे’ यावरून, आणि परिणाम ‘नम्’ म्हणजे ‘वाकणे’ यावरून, एखादी गोष्ट वाकत वाकत शेवटी जी होते ते. तोवर दुसऱ्या कोपऱ्यात आसक्त कुठल्या पानावर आहे यावरून दुर्गची तीन नातवंडं आपसात भांडू लागली होती, निम्मं हिंदीत आणि निम्मं आजीच्या शब्दांत.

अकरा वाजले. नानांनी मोजायला सुरुवात केली. मुलं एका जागी राहत नव्हती. पानं शोधत, पिंपाकडे जात, एकमेकांच्या पाठीवरून उडी मारत. “बसा रे, एक मिनिट बसा,” असं ते म्हणाले, पण ते म्हणणं कोणी ऐकलं नाही, म्हणून त्यांनी परत मोजलं. आकडा वेगळा आला. त्यांनी अस्मिताकडे पाहिलं.

“तिसऱ्यांदा मोजा नाना,” ती म्हणाली. “आम्ही प्रयोगशाळेत तीनदाच मोजतो.”

नानांनी तिसऱ्यांदा मोजलं आणि हजेरीपट तिच्याकडे दिला. अस्मितानं तारखेसमोर तिन्ही वाचनं लिहिली: एकोणीस, वीस, एकोणीस. खाली रेघ मारून सरासरी काढली, दोन दशांश स्थळांपर्यंत. १९.३३.